ज्याचं नाव, त्याचे ठसे

टेक्ससमध्ये मी नोटरीचं काम करते. घराच्या कागदांपासून गावाकडच्या जमिनीच्या कुलमुखत्यारपत्रापर्यंत आमच्या भागातल्या बऱ्याच मराठी घरांचे कागद माझ्या जेवणाच्या टेबलावरून पुढे जातात. नोटरी वकील नसते. समोर बसलेला माणूस तोच आहे ना, आणि सही त्यानं राजीखुशीनं केली ना, एवढंच बघायचं आणि शिक्का मारायचा. कागदात काय लिहिलंय यावर सल्ला द्यायचा मला अधिकार नाही, आणि तो मी देतही नाही. पण डोळे मिटून शिक्का मारायचा असाही नियम नाही.

2026 च्या जानेवारीत आमच्या मराठी मंडळातला एक मुलगा आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण मला सगळे काकूच म्हणतात. "काकू, पाच मिनिटांचं काम आहे. सह्या घरी गेल्यावर घेतो, तुम्ही आत्ता शिक्का मारून ठेवा." तिथेच मला थांबवावं लागलं. सही माझ्यासमोर झाली नाही तर शिक्का कसा मारणार? मग कागद बघितला. कुठल्याशा संकेतस्थळावरून विकत घेतलेला तयार मसुदा होता, वर त्याच्या आडनावाचा 'फॅमिली ट्रस्ट', आणि आत गाडी नाही, घर नाही, फक्त बंदुका. विश्वस्त म्हणून तीन नावं होती. तो स्वतः, त्याची बायको आणि धाकटा भाऊ.

"धाकटा कोणत्या व्हिसावर आहे रे?"

"एच-वन. का?"

"त्याला माहीत आहे, तू त्याचं नाव टाकलंयस?"

"सांगेन की. घरचाच आहे. आम्ही नेमबाजीच्या रेंजवर बरोबरच जातो."

"आणि बायकोला?"

"तिला कशाला, काकू. उगाच घाबरेल."

मी त्याला चहा दिला आणि कागद परत दिला. सांगितलं, आधी वकिलाकडे जा, मग दोघं मिळून या. तो जरा नाराज होऊनच गेला. पण तेव्हापासून वाटतंय की या विषयावर आपल्या माणसांशी कोणीतरी मराठीत, सरळ बोललं पाहिजे. बंदूक बाळगावी की नाही हा वाद मी इथे घालणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरात तो घालावा. मला बोलायचंय ते कागदावर येणाऱ्या नावांबद्दल.

ट्रस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवस्थान येतं, शाळा येते, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय येतं. अमेरिकेत ट्रस्ट ही घरगुती गोष्ट आहे. आपली मालमत्ता एका कागदाच्या ताब्यात द्यायची, ती सांभाळायला विश्वस्त नेमायचे, आपल्या पश्चात कोणाला मिळावी ते लिहून ठेवायचं. कोर्टकचेरीचा वेळ वाचतो. यात वावगं काही नाही. माझं घरही ट्रस्टमध्ये आहे. मात्र त्या ट्रस्टमध्ये सायलेन्सर किंवा आखूड नळीची रायफल ठेवायची म्हटली की गोष्ट बदलते.

ती का बदलते, हे समजायला 1934 सालात जावं लागतं. दारूबंदीच्या काळात टोळ्या मातल्या होत्या. 1929 मध्ये शिकागोत व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी सात माणसांना भिंतीशी उभं करून टॉमी गनांनी मारलं होतं. अशा हत्यारांवर लगाम घालायला अमेरिकी संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट केला. बंदी घातली नाही, कर लावला आणि नोंद सक्तीची केली. मशीनगन, आखूड नळीची (आजच्या मापानं सोळा इंचांहून कमी) रायफल, अठरा इंचांहून आखूड नळीची शॉटगन, सायलेन्सर, यांतलं काहीही हस्तांतरित करायचं तर 200 डॉलर भरायचे. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पुढे नव्वद वर्षं ती वाढली नाही, त्यामुळे आपोआप किरकोळ होत गेली. आणि 2026 च्या 1 जानेवारीपासून मशीनगन आणि बॉम्बसारखी साधनं वगळता बाकी सगळ्यांसाठी ती शून्य झाली आहे. 2025 च्या जुलैत सही झालेल्या मोठ्या करकायद्यात तशी तरतूद होती. नोंद, अर्ज, फोटो, ठसे हे सगळं मात्र तसंच आहे. हा मुलगा नेमका जानेवारीत का आला, ते आता कळलं असेल. पैसे लागत नाहीत म्हणजे अडथळाच उरला नाही, असं पुष्कळांना वाटतंय.

तर या वस्तू एकट्याच्या नावावर घ्यायच्या झाल्या की पूर्वी तीन गोष्टी लागत. फोटो, बोटांचे ठसे, आणि गावच्या पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही. ही तिसरी गोष्ट लोकांना फार जाचायची. काही शेरीफ सही करायचेच नाहीत. कारण द्यायचं त्यांच्यावर बंधन नव्हतं आणि दाद मागायला जागा नव्हती. एका काउंटीत सही मिळायची, पलीकडच्या काउंटीत तसाच माणूस हात हलवत परत यायचा. कायद्यानं जे करायला परवानगी आहे, ते एका माणसाच्या मर्जीवर टांगून ठेवणं मला तेव्हाही पटलं नसतं.

पण ट्रस्ट, कंपनी किंवा भागीदारीच्या नावावर अर्ज केला तर यातलं काहीच लागत नव्हतं. ट्रस्टला बोटं कुठली, आणि चेहरा कुठला? दुकानातून वस्तू उचलायला जो विश्वस्त जाईल त्याची तिथे पार्श्वभूमी तपासणी व्हायची. बाकीचे विश्वस्त कोण, कसे, याची विचारपूस नव्हती. वर ट्रस्टचा आणखी एक खराखुरा फायदा होता. एकट्याच्या नावावरची वस्तू त्याच्या गैरहजेरीत बायकोनं किंवा भावानं वापरली तर तो गुन्हा ठरू शकतो. ट्रस्टमध्ये सगळे विश्वस्त ती बाळगू शकतात. त्यामुळे लोक ट्रस्टकडे वळले ते सगळेच काही पळवाट शोधत नव्हते. मात्र वळले ते लोंढ्यानं. 2000 साली अशा संस्थांच्या नावानं साधारण 840 अर्ज आले होते. 2012 मध्ये 40,700.

हे बघून नियम बदला अशी लेखी मागणी पहिल्यांदा कोणी केली असेल? 2009 च्या डिसेंबरात, याच हत्यारांच्या व्यापाऱ्यांच्या आणि संग्राहकांच्या संघटनेनं. ट्रस्टमधल्या माणसांचीही तपासणी व्हावी आणि शेरीफच्या सहीची अट जावी, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेत कोणीही नागरिक किंवा संघटना सरकारी खात्याकडे नियम करा, बदला किंवा काढा असा अर्ज करू शकते. हा हक्क 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानं दिला आहे. ही बाब मी मुद्दाम सांगतेय, कारण हा वाद बंदूकवाले विरुद्ध सरकार असा सरळ नव्हता आणि नाही.

2012 च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर ओबामा सरकारनं बंदुकांविषयीची बरीच पावलं एकदम उचलली आणि त्यात हा नियमही पुढे आला. खातं होतं एटीएफ, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं बघणारं. पूर्वी ते अर्थखात्यात होतं, 2003 पासून न्यायखात्यात आहे. सप्टेंबर 2013 मध्ये त्यांनी फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात मसुदा छापला आणि नव्वद दिवस लोकांकडून हरकती मागवल्या. मसुद्यात काय होतं? ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे फोटो आणि ठसे हवेत, आणि वर त्या प्रत्येकासाठी शेरीफची सहीही हवी.

साडेनऊ हजारांहून अधिक हरकती आल्या. खात्याला त्यांतल्या महत्त्वाच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागलं. जानेवारी 2016 मध्ये अंतिम नियम छापला तो साठाहून जास्त पानांचा, आणि त्यात शेरीफच्या सहीची अट सगळ्यांसाठीच उडाली होती. तिच्या जागी आता फक्त कळवायचं असतं, अर्जाची प्रत पाठवायची. 13 जुलै 2016 पासून हा नियम लागू आहे. ठसे, फोटो आणि प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा वेगळा फॉर्म हे मात्र राहिलं. जबाबदार व्यक्ती म्हणजे ट्रस्टच्या वतीनं बंदूक ताब्यात घ्यायचा, हलवायचा, द्यायचा ज्याला अधिकार आहे तो. ट्रस्ट करणारा आणि विश्वस्त त्यात येतात. नुसता लाभार्थी, ज्याला आज कसलाही अधिकार नाही, तो येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शेरीफची सही गेली हे चांगलं झालं आणि ठसे आले हेही चांगलं झालं. ठशांबद्दल लोक बोलतात ते गुन्हेगार सापडण्याच्या अंगानं. तो उपयोग आहेच. पण माझ्या टेबलावरून मला त्याचा वेगळाच उपयोग दिसतो. ठसे द्यायचे म्हणजे दहाही बोटं द्यायची. ज्याच्या बोटांना शाई लागणार त्याला विचारल्यावाचून त्याचं नाव कागदावर राहू शकत नाही. 2016 च्या आधी नवरा बायकोचं, बाप मुलाचं, भाऊ भावाचं नाव ट्रस्टमध्ये टाकायचा आणि मंजुरी येईपर्यंत त्यांना पत्ताही नसायचा. आता जिला 'उगाच घाबरेल' म्हणून सांगितलं नाही, तिच्यापुढे अर्जाच्या आधी ठशांचं कार्ड ठेवावंच लागतं. आमच्या आजीच्या पिढीत बायकांचे अंगठे कशाकशावर घेतले गेले, ते आठवलं की वाटतं, अंगठा द्यायच्या आधी वाचायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

नियमाच्या विरोधातलं म्हणणंही नीट ऐकायला हवं, कारण त्यात दम आहे. मूळ कायद्यात लिहिलंय की अर्जदाराची ओळख सरकार ठरवेल त्या पद्धतीनं पटवावी, आणि अर्जदार व्यक्ती असेल तर त्यात ठसे आणि फोटो हवेतच. विरोधक म्हणतात, काँग्रेसनं व्यक्तीसाठी अट घातली, ट्रस्टसाठी घातली नाही, मग खात्यानं ती परस्पर का वाढवावी? खातं म्हणतं, 'सरकार ठरवेल त्या पद्धतीनं' या शब्दांतच तो अधिकार आहे. मला खात्याचं म्हणणं जास्त पटतं. कायद्यानं व्यक्तीसाठी किमान काय हवं ते सांगितलं आणि बाकीच्यांचं ठरवायचं काम खात्यावर सोपवलं, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. पण हा प्रश्न फालतू नाही. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन निकाल दिले. एकात बंप स्टॉक, म्हणजे रायफलीतून भराभर गोळ्या सोडायला मदत करणारं जोडसाधन, ही मशीनगनच आहे असं सांगणारा याच खात्याचा 2018 चा नियम सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला, कारण कायद्यातल्या शब्दांत ते बसत नाही. दुसऱ्यात, कायदा संदिग्ध असेल तर खात्याचा अर्थ मानायचा ही चाळीस वर्षांची रीत मोडीत काढली. 2025 च्या मार्चमध्ये मात्र सुट्या भागांतून घरी जोडायच्या बंदुकांवरचा नियम सात विरुद्ध दोन मतांनी टिकला. म्हणजे न्यायालय डोळे झाकून खात्याच्या विरोधात आहे असं नाही. शब्द बघतं. आणि कर शून्य झाल्यावर, करापोटी केलेला कायदा आता कशाच्या आधारावर उभा आहे, हा प्रश्नही न्यायालयांपुढे गेला आहे. शिवाय बंदुकीसंबंधीच्या नियमांचा फेरआढावा घ्यायचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी 2025 च्या फेब्रुवारीत काढलाच होता. तेव्हा हा नियम कायमचा दगडावर कोरलाय असं कोणी धरून चालू नये.

त्या नियमात एक भोक राहिलंय, ते मला सारखं टोचतं. वस्तू मंजूर होऊन हातात आली की पुढे ट्रस्टमध्ये नवा विश्वस्त घेता येतो, आणि पुढचा अर्ज करेपर्यंत त्याचे ठसे द्यावे लागत नाहीत. बदल झाल्यावर तीस दिवसांत कळवावं, असा विचार मसुद्याच्या वेळी पुढे आला होता, पण अंतिम नियमात तो घेतला नाही. आपल्याकडे, महाराष्ट्रात, गावच्या देवळाचा एक विश्वस्त बदलला तरी नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. देवळाच्या दानपेटीची किल्ली कोणाकडे गेली हे सरकारला कळायला हवं आणि आखूड रायफलीची किल्ली कोणाकडे गेली हे कळायला नको, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता आपल्या माणसांसाठी खास, आणि हे कृपा करून नीट वाचा. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी बाळगता येत नाही. एच-वन, एच-फोर, एफ-वन, एल-वन, आणि आईबाबा ज्यावर येतात तो बी-टू, सगळे त्यात आले. अपवाद थोडे आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तोही तुमच्या बाबतीत लागू पडतो का, हे वकिलालाच विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. ही बंदी फक्त विकत घेण्यापुरती नाही, हेही लक्षात ठेवा. रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणं हाही ताबाच. नव्यानं आलेली पोरं शनिवार-रविवारी मजा म्हणून रेंजवर जातात, फोटो टाकतात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला रेहाइफचा खटला असाच होता. विद्यार्थी व्हिसावर आलेला तरुण, विद्यापीठातून काढून टाकल्यावर देशात राहायचा कायदेशीर दर्जा गेलेला, आणि फ्लोरिडातल्या एका रेंजवर त्यानं गोळीबाराचा सराव केला. एवढ्यावर त्याच्यावर फौजदारी झाली. आपण कोणत्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारनं सिद्ध केलं पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. पण तिथवर पोचेपर्यंत त्या मुलाच्या आयुष्याचं काय झालं असेल, विचार करा.

या गुन्ह्याला 2022 पासून पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. आणि त्याहून आपल्याला जड जाणारी गोष्ट म्हणजे बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा लागली की परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्ड असलं तरीही. दहा-बारा वर्षं रांगेत काढून मिळवलेलं सगळं एका सहीत जातं.

म्हणून ट्रस्टमध्ये घरचा म्हणून एच-वनवरच्या भावाचं नाव घालणं ही माया नव्हे. ट्रस्टमध्ये आल्यानं कोणाची अपात्रता धुऊन निघत नाही. आधी शिक्षा झालेला, घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात अडकलेला, तात्पुरत्या व्हिसावरचा, जो एकट्यानं बाळगू शकत नाही तो ट्रस्टच्या आडूनही बाळगू शकत नाही. आणि ताबा म्हणजे हातातच असायला हवं असं नसतं. वस्तू कुठे आहे ते माहीत आहे, हवी तेव्हा घ्यायची सोय आहे आणि तसा इरादा आहे, तर तोही ताबा धरला जाऊ शकतो. तिजोरीचा आकडा घरात सगळ्यांना पाठ असेल तर उद्या कोर्टात इरादा कोण कसा ठरवेल, हे आज कोण सांगणार? आईबाबा सहा महिने येतात. त्यांना गॅरेजची, देवघराची, तांदळाच्या डब्याची जागा सांगा. तिजोरीचा आकडा सांगू नका.

राज्याराज्यांतही फरक आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, जिथे आपली वस्ती दाट आहे, तिथे सामान्य माणसाला सायलेन्सर बाळगताच येत नाही, ट्रस्ट असो वा नसो. नोकरी बदलून टेक्ससहून न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचं ठरलं की सामानाच्या यादीआधी हा विचार करा. घटस्फोट झाला, भांडण झालं, कोणावर कोर्टाचा मनाई हुकूम आला, तर त्याच आठवड्यात ट्रस्टचा कागद वकिलाकडे न्या. वर्षानुवर्षं फायलीत पडलेली नावं अशा वेळी आयुष्य उलटंपालटं करतात.

दुसरं सांगणं मोठ्या वादाबद्दल. नियम पुन्हा चर्चेला आला, बदलायचा म्हणून मसुदा छापला, की खातं परत हरकती मागवेल. त्यात भाग घ्या. नागरिक असण्याची अट नाही. खर्च नाही, वकील लागत नाही, इंग्रजी फार अलंकारिक लागत नाही. मंडळाच्या गटात अशा वेळी दोन प्रकारचे निरोप फिरतात. एकात लिहिलेलं असतं, सरकार तुमच्या बंदुका काढून घेणार. दुसऱ्यात असतं, प्रत्येक बंदूकवाला खुनी. खाली तयार मजकूर, नाव घाला आणि पाठवा. तसं करू नका. एकाच साच्यातली हजार पत्रं खात्याच्या दृष्टीनं एकच मुद्दा असतात, आणि एकदा उत्तर देऊन ते मोकळे होतात. त्यापेक्षा स्वतःच्या अनुभवाचा एक परिच्छेद लिहा. तुमच्या काउंटीत शेरीफनं कारण न देता सही नाकारली होती? तारीख लिहा, काय बोलणं झालं ते लिहा. तुमचं नाव तुम्हाला न विचारता ट्रस्टमध्ये घातलं गेलं होतं? ते लिहा. पाच विश्वस्तांचे ठसे प्रत्येक अर्जाला नव्यानं द्यावे लागतात आणि त्यात किती फेऱ्या होतात? मोजून लिहा. मसुद्यातलं कोणतं कलम, त्यात काय बदलावं आणि का, एवढं असलं की त्याला उत्तर देणं खात्याला टाळता येत नाही. टाळलं तर पुढे न्यायालयात तोच मुद्दा नियमाच्या अंगाशी येतो. शेरीफची सही उडाली ती अशा हरकतींच्या रेट्यामुळेही उडाली, हे विसरू नका. मी स्वतः लिहीन ते नव्या विश्वस्ताबद्दल. तीस दिवसांत कळवावं, ठसे द्यावेत, आणि खात्याला त्यासाठी कायद्याचा आधार अपुरा वाटत असेल तर तसं सांगून काँग्रेसकडून तो मागावा. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी तसं लिहावं. दोन्ही पत्रं त्याच फायलीत शेजारी शेजारी राहतील, आणि तेच बरोबर आहे.

आणि घरात बोला. सगळ्यात आधी हे. ज्या घरात बंदूक येणार आहे त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती कुठे असेल, कोणाच्या नावावर असेल आणि कोणी तिला हात लावायचा नाही, हे तोंडानं सांगा. गृहीत धरू नका.

तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. या वेळी बायको बरोबर होती, आणि कागद वकिलानं नव्यानं केलेला होता. धाकट्याचं नाव विश्वस्तांतून गेलं होतं. ग्रीन कार्ड मिळालं की बघू, असं वकिलानं सांगितलं म्हणे. बायको खुर्ची ओढून बसली आणि कागद पहिल्या पानापासून वाचू लागली. तो दोनदा म्हणाला, "अगं, वकिलानं बघितलंय." तिनं वर बघितलं नाही. विश्वस्तांच्या अधिकारांचं पान आलं तेव्हा ती थांबली.

"म्हणजे तू नसताना ती माझ्या ताब्यात?"

"हो."

"तिजोरी कुठे असणार?"

"आपल्या खोलीत. कपाटात."

"आणि आकडा भाऊजींना माहीत आहे?"

तो गप्प बसला. जुन्या तिजोरीचा आकडा धाकट्याला माहीत होता, घरातल्या सगळ्यांनाच होता. मुलीची जन्मतारीख.

तिनं त्या दिवशी सही केली नाही. "आधी आकडा बदल," म्हणाली, "आणि मला एकदा रेंजवर नेऊन ती वस्तू दाखव. मग ठरवते." तो तिच्याकडे बघत राहिला, मग हसला, आणि म्हणाला, चालेल. नाराज नव्हता या वेळी.

आणखी दहा दिवसांनी दोघं आली. तिनं सगळी पानं पुन्हा चाळली आणि सही केली. मी माझ्या वहीत नोंद केली, तारीख, वेळ, ओळखपत्र. शिक्का मारला. दारात चपला घालताना तिनं विचारलं, "काकू, ती ठशांची शाई हातावरून लवकर जाते का हो? शनिवारी हळदीकुंकू आहे."

"लिंबू आणि मीठ लाव," मी सांगितलं. "एका दिवसात जाते."